मोठे टायर आणि क्राऊन-पिनियन

फोर्डच्या जुन्या एफ-१५० ट्रकमधील ४.९ लिटरचे (३०० घनइंची) सहा सिलिंडरी इंजिन उंच टायर सहज ओढते, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. १९६५ ते १९९६ या काळात बनलेल्या या इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवरच येतो. इंधन-इंजेक्शनच्या आवृत्तीत तर तो मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवरच शिगेला पोहोचतो. पण अश्वशक्ती जेमतेम दीडशे, आणि चढावर वेग टिकवायला तीच लागते.

मूळ टायर साधारण २९ इंच उंचीचा. ३.५५ गुणोत्तराच्या क्राऊन-पिनियनवर, थेट गिअरमध्ये ताशी ६० मैलांना इंजिन सुमारे २,४७० फेरे घेते. ३३ इंची टायर चढवताच हे २,१७० वर येतात, म्हणजे गुणोत्तर जणू ३.१२ होते. सपाट रस्त्यावर हे सुखद वाटेल. मात्र ओव्हरड्राइव्हमध्ये फेरे आणखी पडतात, इंजिन घुटमळते, चालक वारंवार खालचा गिअर टाकतो आणि पेट्रोलची अपेक्षित बचत तिथेच संपते.

मूळची ओढ परत हवी असेल तर ३.५५ ला ३३ ने गुणून २९ ने भागावे. उत्तर ४.०४, बाजारात मिळणारे जवळचे गुणोत्तर ४.१०. ट्रेलर ओढायचा नसेल तर ३१ इंची टायर आणि ३.५५ हीच जोडी शहाणपणाची. चारचाकी ओढीच्या ट्रकात पुढच्या आसाचे गुणोत्तरही बदलावेच लागते (खर्च दुप्पट!), आणि स्पीडोमीटर दुरुस्त न केल्यास ६० दाखवताना खरा वेग ६८ असतो.