पाठीमागचे माकड

श्रावणातल्या एका सोमवारी सहकुटुंब रामलिंगाला गेलो होतो. येडशीच्या घाटातले हे महादेवाचे देऊळ म्हणजे आम्हा धाराशिवकरांचे हक्काचे ठिकाण. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो, ओढ्याला पाणी येते आणि देवळाच्या आवारात भाविकांच्या बरोबरीने माकडेही गर्दी करतात. दर्शन आटोपून बाहेर आलो, तोच कन्येने फर्मान काढले, "बाबा, त्या माकडाबरोबर एक सेल्फी काढा ना!"

मी पडलो मराठीचा अध्यापक. परका शब्द कानी आला की प्रतिशब्द जुळवीत बसण्याची खोड. 'स्वछायाचित्र' हा शब्द मनाशी घोळवीत मी हात लांब केला, फोन धरला, चेहऱ्यावर हसू आणले. शब्द पसंत पडेपर्यंत माकड माझा चष्मा घेऊन भिंतीवर जाऊन बसले होते.

दोष माकडाचा मुळीच नव्हे. या प्रकाराची रचनाच अशी विलक्षण आहे, की ज्याच्याबरोबर छायाचित्र हवे, त्याच्याकडे आधी पाठ फिरवावी लागते! ते दिसणार फोनच्या इवल्याशा काचेत. एरवी अनोळखी कुत्र्याला पाठ दाखवू नये, हे शेंबडे पोरही जाणते. मारक्या बैलाजवळून जाताना आपण चार वेळा वळून पाहतो. हातात फोन आला, की हे सारे शहाणपण कुठे जाते कोण जाणे!

ऑक्टोबर 2024 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात रानटी हत्तीबरोबर सेल्फी काढायला गेलेला एक तरुण मजूर हत्तीच्या पायाखाली सापडून मेला. ती बातमी वाचून, चारचौघांप्रमाणे, 'काय हा मूर्खपणा!' म्हणत मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले होते. चष्मा गेला तेव्हा तो बिचारा आठवला. त्याच्या चुकीत आणि माझ्या चुकीत अंतर एवढेच, की माझ्या पाठीशी माकड होते.

हौस मात्र जुनी आहे. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या शिकारीची छायाचित्रे आपण पाहिलेली असतात. वाघ आडवा पडलेला, शेजारी बंदूक घेऊन स्वारी उभी. तिथे पाठ फिरवायला भीती नसे. सोबती आधीच मेलेला असे. उलट 1920 च्या सुमारास फ्रेडरिक चँपियन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने उत्तरेकडच्या जंगलात वाटेवर तार बांधून कॅमेरा ठेवला. तारेला वाघाचा पाय लागला, की उजेड पडे आणि छायाचित्र निघे. मला हा साहेब मोठा सभ्य वाटतो. आपण चित्रात असलेच पाहिजे असा त्याचा हट्ट नव्हता.

पुढे 2011 मध्ये इंडोनेशियातल्या एका काळ्या माकडाने एका इंग्रज छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याची कळ दाबून स्वतःचेच हसरे छायाचित्र काढले. त्याच्या मालकीवरून माकडाच्या नावाने अमेरिकेत खटला गुदरला गेला. 2018 साली तिथल्या अपिली न्यायालयाने सांगितले, की या कायद्याखाली माकडाला दावा लावता येत नाही. माझा चष्मा नेणाऱ्याला ही बातमी कुणी सांगू नये.

पण खरी नवलाई आमच्या येडशीचीच. तिथल्या अभयारण्याचा पसारा जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचा. डिसेंबर 2024 मध्ये तिथे लावलेल्या वनखात्याच्या कॅमेऱ्यात एके दिवशी चक्क वाघ उमटला! हे कॅमेरे अंगाची ऊब आणि हालचाल ओळखून आपोआप चालतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीकडे नसतात. त्या पट्ट्यांवरून ओळख पटली: हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. शेते, सडका, वस्त्या ओलांडीत शेकडो किलोमीटर चालत आलेला. ज्यांची जनावरे रानात चरायला जातात, त्यांची झोप उडाली, आणि ते रास्तच होते. आम्ही शहरातली मंडळी मात्र चहा पीत ते चित्र एकमेकांना दाखवीत होतो. त्यात माणूस नव्हता. वाघ कुणाकडेही न पाहता आपल्या कामाला निघाला होता. एवढ्या वाटेत त्याच्याबरोबर सेल्फी काढायला कुणी गेले नाही, हे त्याचेही नशीब आणि आपलेही.

आता चष्म्याचे. फुले विकणाऱ्या मावशींनी काठी आपटून दटावले, तेव्हा माकडाने तो खाली टाकला. एक काडी वाकली, काचा शाबूत राहिल्या. त्या गडबडीत कन्येने गुपचूप एक छायाचित्र काढून ठेवले होते. ते घरी आल्यावर मला दाखवले. माकड भिंतीवर चष्मा न्याहाळीत बसले आहे, आणि मी त्याच्याकडे तोंड करून, हात जोडून उभा आहे. मंडळींना ते इतके आवडले आहे, की चौकट करून दिवाणखान्यात लावायचे घाटते आहे. मी मुलीला म्हटले, "अगं, यात माझा चेहराच दिसत नाही."

"माकडाचा किती छान आलाय बघा!" ती म्हणाली.