दप्तरातला दुसरा डबा

“शाळा म्हणजे काय दवाखाना आहे का?”

मधुमेह असलेल्या लहान मुलाचे आईवडील इन्सुलिनची बाटली, सुया आणि साखर मोजायचं यंत्र एका डब्यात घालून शाळेत गेले, की हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. वरवर बिनतोड वाटतो, म्हणूनच त्याची उलटतपासणी व्हायला हवी. त्यासाठी डोळ्यांपुढे मिरजगाव ठेवू. नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. मोठ्या शहरातल्या महागड्या शाळेत नर्सची खोली असते. अशा गावातल्या शाळेत असतं मुख्याध्यापकांचं लोखंडी कपाट आणि कोपऱ्यातला पाण्याचा माठ. तेवढ्यावर जे निभेल, ते महाराष्ट्रात कुठेही निभेल.

आधी आजाराबद्दलचा घोळ मिटवू. आजोबांना साठीत लागलेली ‘शुगर’ वेगळी आणि सहा वर्षांच्या नातवाचा टाइप वन मधुमेह वेगळा. हा गोड खाऊन होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते, म्हणून होतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार दिवस जगत नसत. आज ती जगतात, पण दिवसाला तीन ते पाच टोचण्या आणि तितक्याच तपासण्यांच्या बोलीवर. शाळेचे पाच-सहा तास नेमके त्या दिवसाच्या मधोमध पडतात.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून तोच आधी घेऊ. “शिक्षक काही डॉक्टर नव्हे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?” गुरुजींच्या डोक्यावर निवडणुका आहेत, सर्वेक्षणं आहेत, खिचडीचे हिशेब आहेत. त्यांची कुरकुर खोटी नाही. पण त्यांच्याकडे मागणं तरी काय आहे? डोस डॉक्टर ठरवतात. टोचायचं काम मूल मोठं असेल तर ते स्वतः करतं, लहान असेल तर शिकवलेलं मोठं माणूस करतं. वर्गशिक्षकाने करायच्या गोष्टी दोन. एक, तहान लागली, लघवीला लागली म्हणून मूल उठलं तर “आत्ताच गेला होतास ना?” म्हणून खाली न बसवणं, साखर चढली की असंच होतं. दोन, साखर उतरल्याचं ओळखणं. घाम, हाताला कापरं, एकाएकी चिडचिड, पाढे म्हणता म्हणता लागलेली तंद्री. यंत्रावर ७० च्या खाली आकडा दिसला, की लगेच साखर द्यायची. मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे पाण्यात विरघळलेली तीन चहाचे चमचे साखर; लहानग्याला कमी, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तेवढी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. त्या मुलाला एकट्याने घरी धाडायचं नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

याला वैद्यकी म्हणत नाहीत, शेजारधर्म म्हणतात. ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी १९५० साली सहकारी साखर कारखानदारीची धुराडी पेटली, त्या जिल्ह्यातल्या शाळेच्या कपाटात तीन चमचे साखर ठेवायला जागा नसावी? आणि जबाबदारीचंच म्हणाल, तर डबा ठेवू दिला म्हणून कोणी गुरुजींना धारेवर धरणार नाही. कपाटात साखर नव्हती आणि मूल बाकावर कोसळलं, तर मात्र गाव विचारेल.

दुसरा आक्षेप सुयांचा. “इतर मुलांना टोचली म्हणजे?” इन्सुलिन पेनाची सुई आजकाल चार मिलिमीटरचीही मिळते. प्रत्येक कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक त्याहून लांब असतं. त्यावर कुणी बंदी घातल्याचं ऐकिवात नाही. वापरलेली सुई उघडी टाकणं धोक्याचं आहे, हे खरं. त्यावर उपाय घट्ट झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली. सुई त्यात जाईल, बाटली भरली की पालकांसोबत आरोग्य केंद्रात जाईल. सुयांची काळजी करायचीच, तर खरी काळजी दुसरीकडे आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन तीव्रतांचं मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं औषध ४० च्या सिरिंजने भरलं, तर आकडा तोच दिसतो आणि अंगात अडीच पट इन्सुलिन जातं. म्हणून बाटली आणि सिरिंज एकाच डब्यात, एकाच जोडीने राहिली पाहिजेत. सुयांना शाळेबाहेर ठेवून हा धोका टळत नाही. डबा नीट लावल्याने टळतो.

तिसरा आक्षेप सहानुभूतीचा वेष घेऊन येतो. “बिचाऱ्याला घरीच ठेवा, नाहीतर आईने मधल्या सुट्टीत यावं.” यावं म्हणजे कुठून यावं? वस्तीवरून चालत, की खुरपणीचा रोज बुडवून? शिवाय साखर मधल्या सुट्टीची घंटा ऐकून उतरत नाही. ती कबड्डीनंतर उतरते, सकाळची भाकरी अर्धी टाकलेली असली तर उतरते. आणि घरी ठेवायचं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा दिली आहे. त्यात ‘स्वादुपिंड धडधाकट असल्यास’ अशी अट मी तरी वाचलेली नाही. ज्या वस्तूवाचून मूल वर्गात बसूच शकत नाही, ती दाराबाहेर ठेवणं म्हणजे मुलालाच दाराबाहेर ठेवणं. माझं म्हणणं एवढंच आहे. डबा ही सवलत नव्हे. त्या मुलाची हजेरी त्या डब्यावर उभी आहे.

चौथा आक्षेप शाळेचा नाही, घरचा आहे, आणि तो आपल्याच बाजूचा म्हणून झाकून ठेवता येणार नाही. “कुणाला सांगू नका. उद्या पोरीचं लग्न जमायचं नाही.” माया कळते, पण ही माया मुलीच्या जिवावर बेतते. ज्या बाईंना आजार ठाऊकच नाही, त्यांना मुलीची तंद्री आळस वाटणार आणि चिडचिड उद्धटपणा. गावातल्या क्रिकेटवेड्यांना वसीम अक्रम माहीत आहे. त्याला १९९७ मध्ये मधुमेहाचं निदान झालं आणि त्यानंतरही तो कित्येक वर्षं पाकिस्तानसाठी गोलंदाजी करत राहिला. इन्सुलिन घेणं ही लाज असती, तर त्याच्या यॉर्करपुढे दांड्या उडालेल्यांनी तोंड कुठे लपवायचं?

पाचवा आक्षेप खिचडीचा. “शाळेतला भात त्याला चालायचा नाही, त्याला वेगळं बसवा.” वेगळी पंगत मुळीच नको. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात पाऊणशे ग्रॅमहून थोडं जास्त पिठूळ द्रव्य असतं. घरच्या जेवणात जे माप अंदाजाने धरावं लागतं, ते इथे सरकारने आधीच मोजून ठेवलंय! रोज त्याच वाटीने वाढा, किती उरलं ते पाहा. डॉक्टर त्यावरून डोस बसवून देतील. मूल पंगतीत बसेल.

खंडन इथे पुरे. आता मांडणी. दप्तरात जेवणाचा डबा असतो, तसा हा दुसरा डबा. त्यात मोजायचं यंत्र, पट्ट्या, पेन किंवा बाटली-सिरिंजची जोडी, साखरेच्या पुड्या, बिस्किटं आणि एक कागद: कधी तपासायचं, किती आल्यावर काय करायचं, कुणाला फोन करायचा. साखरेची आणि बिस्किटांची एक जादा पुडी मुख्याध्यापकांच्या कपाटात. शाळेतली दोन माणसं शिकलेली हवीत, एक रजेवर असलं तरी दुसरं असावं म्हणून. चॉकलेट मात्र तातडीसाठी नको. त्यातल्या चरबीने साखर रक्तात उशिरा पोचते.

व्यवहारातली एक शंका उरते: “इन्सुलिनला फ्रीज लागतो, आणि आमच्याकडे वीज कुठे असते?” न फोडलेल्या बाटलीला २ ते ८ अंशांचा गारवा हवा, तो घरी किंवा औषधाच्या दुकानात. चालू बाटली साधारण चार आठवडे बाहेर राहते, फक्त उन्हापासून आणि चढ्या उष्म्यापासून जपायची. त्याला दोन मडकी पुरतात: एकात दुसरं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. कर्जत-जामखेडकडच्या कोरड्या उन्हात हा गारवा चांगला धरतो. माठाचं शास्त्र इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

परवानगीसाठी हात जोडायचीही गरज नाही. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सर्व राज्यांच्या शिक्षण खात्यांना पत्र पाठवून सांगितलं, की या मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्सुलिन टोचू द्या, मधलं खाणं खाऊ द्या, परीक्षेतही. सीबीएसईने तर २०१७ सालीच बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या आणि फळं सोबत नेऊ दिली. पत्र मंत्रालयात पोचलं. ते वर्गापर्यंत पोचवायचं आहे.

आणि सरकारकडेही बोट दाखवायलाच हवं. गावोगाव होणारी मधुमेहाची तपासणी तिशीपुढच्यांसाठी असते. शाळेत येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाच्या मूळ तीस आजारांच्या यादीत हा आजार नाही. केरळने ‘मिठायी’ नावाची योजना काढून अशा मुलांचा भार उचलला. आपल्याकडे संभाजीनगरचं ‘उडान’, नागपूरचा ‘ड्रीम ट्रस्ट’ या संस्था हे काम करत आल्या. त्यांच्या पुण्याईवर शासनाने किती दिवस निजावं?

शाळा दवाखाना नाही, हे अगदी मान्य. मिरजगावच्या एखाद्या वस्तीवरून मोठा दवाखाना तर आणखीच लांब. म्हणूनच डबा शाळेत हवा. शाळा साधारण १५ जूनला उघडते. त्याआधीची एक दुपार पुरे: आई, वर्गशिक्षिका आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, टेबलावर उघडलेला डबा, आणि तीन चमचे साखर म्हणजे नेमकी किती, हे प्रत्येकीने आपल्या हाताने एकदा मोजून पाहायचं.