पिल्लू नंतर, आधी त्याची आई पाहा

मुलांच्या परीक्षा संपल्या की अनेक घरांत एकच हट्ट सुरू होतो, 'आपण कुत्रा आणू या ना!' बाबा राजी होतात, आजी 'घरभर पडलेले केस कोण झाडणार?' म्हणून कुरकुरते आणि एका रविवारी सारे कुटुंब पिल्लू आणायला निघते. लखनौला स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. मात्र फ्रिज घेताना चार दुकाने हिंडणारे आपण, दहा-बारा वर्षे घरात राहणाऱ्या जिवाची निवड दहा मिनिटांत उरकतो. सर्वांत गोंडस पिल्लू उचलायचे, पैसे मोजायचे, झाले!

फसगत इथेच होते. लहानपणी कोणतेही पिल्लू गोंडसच दिसते. ते स्वभावाने कसे निघेल, अंगात कोणता आजार घेऊन आले आहे, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. त्याचा थोडाफार अंदाज येतो तो त्याच्या आईवरून. खाण तशी माती, असे आपण म्हणतो ते काही उगीच नाही.

म्हणून पैदास करणाऱ्याकडे गेल्यावर पहिली मागणी करा, 'पिल्लांची आई दाखवा.' तिची राहण्याची जागा स्वच्छ आहे का? ती खंगलेली तर नाही ना? पिल्ले जवळ असताना ती थोडी गुरगुरणारच. पण मालकाने समजावल्यावर शांत होते का? 'आई गावाकडे आहे', 'तुम्ही येऊ नका, पिल्लू तुमच्या चौकात आणून देतो', अशी उत्तरे मिळाली तर बहुधा तुमची गाठ दलालाशी पडली आहे. लखनौचा नख्खास बाजार पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण नख्खास असो की दुसरा कोणताही बाजार, पिंजऱ्यातल्या पिल्लाची आई तिथे कुठून दिसणार?

कायदाही तुमच्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिची पैदास करता येत नाही. तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्र मागायला आणि 'ही कितव्यांदा व्याली?' असे विचारायला मुळीच संकोच करू नका.

आठ आठवड्यांची अट उगीच नाही. भावंडांशी खेळताना आपण जोरात चावलो की समोरचा कळवळतो आणि खेळ थांबतो, हे पिल्लू याच काळात शिकते. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो आणि मग ते घरातल्या मुलांचे हात चावत सुटते.

आता कागदपत्रांविषयी. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, तब्येतीची हमी देत नाही. त्यावरचा मायक्रोचिपचा क्रमांक पिल्लाच्या चिपशी जुळतो का, ते पशुवैद्याकडून तपासून घ्या. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आई-वडिलांकडून येऊ शकतो. म्हणून त्यांच्या खुब्याचे एक्स-रे काढले आहेत का, हे विचारा. लसीकरण आणि जंतांचे औषध यांची तारखांसह नोंद घ्या. पार्व्होची लागण झाली तरी लक्षणे दिसायला काही दिवस जातात. रविवारी हुंदडणारे पिल्लू गुरुवारी उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी मलूल पडते. त्यामुळे एक-दोन दिवसांतच पशुवैद्याकडे न्या आणि पिल्लू आजारी निघाल्यास विकणारा काय करील, ते आधीच लिहून घ्या.

चांगल्या माणसाची आणखी एक खूण म्हणजे तो तुम्हालाच प्रश्न विचारतो. दिवसभर घरी कोण असते? फ्लॅट कितव्या मजल्यावर? घरात वृद्ध आहेत का? मे-जूनमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या लखनौच्या उन्हाळ्यात 'हस्की घेऊ नका' असे सांगून जो स्वतःचे गिऱ्हाईक घालवतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

या प्रश्नांचे मोल लखनौकरांना सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये कैसरबाग भागात घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द ठरवले. बंदीचा वाद काहीही असो, आपल्या घराला कोणता कुत्रा झेपेल, हे ठरवणे आपल्याच हाती आहे. घरी आणल्यावर रेबीजची लस आणि महानगरपालिकेचा परवाना विसरू नका.

आणि समाधान झाले नाही तर? मुले रडतील, हिरमुसतील. तरीही रिकाम्या हाताने परत या. आजचे रडे तासाभरात थांबेल. पण लळा लागलेले पिल्लू आठ दिवसांत गेले, तर त्या मुलांची समजूत कशी घालाल?