गोळीची आठवण गावाच्या वेळेने व्हावी

ताप उतरला की आपला माणूस कामाला लागतो. रोवणीचे दिवस असले तर दुसऱ्याच सकाळी बांधीत उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. काही आठवड्यांनी तोच ताप पुन्हा येतो. मग आपण म्हणतो, ‘दवाखान्यातल्या गोळीत दमच नाही!’ दम असतो बाप्पा, पण नेम चुकलेला असतो.

हिवतापाचा हिशेब समजून घ्या. पीव्ही प्रकारात जंतू रक्तातून गेला तरी यकृतात दडून बसतो. त्याला बाहेर काढण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. क्लोरोक्विन मात्र ३ दिवसच. पीएफ प्रकारात मुख्य औषध ३ दिवसांचे आणि प्रायमाक्विन दुसऱ्या दिवशी एकदाच. क्षयरोगाचा साधा उपचारही ६ महिन्यांचा. पहिले २ महिने ४ औषधे, पुढचे ४ महिने ३. आणि २०१७ पासून आठवड्यातून तीनदा नव्हे, तर रोज. त्याच घरात सासऱ्यांची रक्तदाबाची आणि पोराची सिकलसेलची गोळी चालू असली, तर घरच्या बाईने किती ध्यानात ठेवायचे?

हा हिशेब मोबाइलने ठेवावा, वेळ झाली की आठवण द्यावी, ही कल्पना चांगलीच आहे. प्रश्न असा की, ते अ‍ॅप कोणाला समोर ठेवून बनवायचे?

याचा एक धडा देशातच मिळतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूतील संशोधकांच्या कामातून क्षयरोगासाठी ‘९९डॉट्स’ ही पद्धत निघाली. गोळ्यांच्या पाकिटाला कागदी वेष्टन; गोळी काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो. रुग्णाने त्यावर फुकट फोन लावायचा, की त्या दिवसाची नोंद झाली. साधा फोनही चालतो. उणीव एवढीच की, फोन लागला म्हणजे गोळी पोटात गेलीच असे नाही. आणि जिथे रेंजच नाही, तिथे गोळी घेऊनही नोंद होत नाही.

आपल्याकडे ही दुसरी अडचण मोठी. भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीच्या डोंगरावर रेंज शोधत टेकडी चढावी लागते. म्हणून अ‍ॅप रेंजविना चालले पाहिजे आणि रेंज मिळाली की नोंद आपोआप पुढे गेली पाहिजे. त्याने बोलले पाहिजे, तेही नुसते मराठीत नव्हे. गोंडी, माडिया, कोलामीत, सिरोंचाकडे तेलुगूत. सकाळी आठची घंटा तेंदूपत्त्याच्या हंगामात काय कामाची? माणूस उजाडण्याआधीच जंगलात गेलेला असतो. वेळ रुग्णाला विचारूनच लावावी. फोन घरात एकच, तोही बहुधा पोराच्या हाती. तेव्हा रोगाचे नाव पडद्यावर झळकू नये. क्षयरोगाचे नाव फुटले की गावात काय बोलले जाते, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि अ‍ॅपने नुसते ‘गोळी घ्या’ म्हणू नये, थांबायचे कधी तेही सांगावे. प्रायमाक्विन घेताना लघवी काळपट झाली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा असतो. गरोदर बाईला ती गोळी द्यायचीच नसते. हे न सांगणारे अ‍ॅप धोक्याचे.

सर्वात मोठी गोष्ट साठ्याची. २०२४ च्या मार्चमध्ये क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले. अशा वेळी मोबाइल रोज रुग्णाला विचारणार, ‘गोळी घेतली का?’ मग भांडाराला ‘गोळी दिली का?’ असे कोण विचारणार? रुग्णाजवळ किती दिवसांच्या गोळ्या उरल्या, हे अ‍ॅपने आरोग्य केंद्राला आधीच कळवले पाहिजे. पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा कळून उपयोग काय?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटलांना आमचे सांगणे आहे. असे एखादे अ‍ॅप गावात आले, तर उद्घाटनाचा नारळ फोडण्याआधी ते आशाताईच्या आणि एका न शिकलेल्या म्हाताऱ्याच्या हाती द्या. रेंज बंद करून चालवून पाहा. आशाताईचे एक रजिस्टर वाढणार की कमी होणार, हेही विचारा. काम वाढत असेल तर ते आधी दुरुस्त होऊन येऊ द्या.

आणि शेतकरी बंधूंनो, अ‍ॅप येईल तेव्हा येईल. तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गोळी घेतली की एक फुली मारा. ताप गेला तरी १४ फुल्या पुऱ्या होऊ द्या.