गॅमा किरण टिपले, पण मेघ कोण मोजणार?

लडाखमधील हानले येथे ४ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मेस’ या गॅमा किरण दुर्बिणीचे उद्घाटन झाले. २१ मीटर व्यासाचा आरसा, सुमारे ४३०० मीटर उंची आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने देशातच झालेली उभारणी, यांचा अभिमान रास्तच आहे. मात्र उंचीचे पोवाडे गाणाऱ्यांना एक प्रश्न सुचत नाही: या दुर्बिणीला जे दिसेल, त्याचा अर्थ कोणाच्या नकाशावरून लावायचा?

व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून वैश्विक किरणांचा शोध लावला; त्यांच्या उगमाचा वाद अजून मिटलेला नाही. अतिनवताऱ्याच्या अवशेषांत प्रोटॉनांना प्रचंड वेग मिळतो, असे मानले जाते. हे प्रोटॉन शेजारच्या रेणूमेघावर आदळले की पायॉन जन्मतात आणि त्यांच्या क्षयातून गॅमा किरण निघतात. म्हणजेच गॅमा किरणांचे तेज हा प्रोटॉनांची संख्या आणि वायूचे प्रमाण यांचा गुणाकार असतो. वायू मोजलाच नाही, तर प्रोटॉनांचा आकडा निव्वळ अंदाज ठरतो. शिवाय वेगवान इलेक्ट्रॉनही गॅमा किरण निर्माण करतात. खरा कर्ता कोण, हे ठरवायलाही मेघाचीच साक्ष लागते.

मिथुन राशीतील आयसी ४४३ हे अवशेष पाहा. २००७ मध्ये ‘मॅजिक’ दुर्बिणीला तेथे सापडलेला स्रोत अवशेषांच्या मध्यभागी नव्हता. तो रेणूमेघावर होता. हे उमगले, कारण कार्बन मोनॉक्साइडचे नकाशे हाताशी होते. तेही सर्वत्र पुरत नाहीत. दाट गाभ्यातला या वायूचा प्रकाश मेघातच अडतो आणि दिसते ती वरची साल. म्हणून डब्ल्यू २८ या अवशेषांजवळचे गाभे अमोनियाच्या वर्णरेषांनी तपासावे लागले, आणि ते काम ऑस्ट्रेलियातील २२ मीटरच्या मोप्रा दुर्बिणीने केले.

भारताकडे काय आहे? खोडदची महाकाय मीटरतरंग दुर्बीण अवशेषांचे रेडिओ चित्र उत्तम काढते. पण तिची मर्यादा १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास संपते, आणि मेघावर आघात झाल्याची खूण देणारा हायड्रॉक्सिलचा मेझर १७२० मेगाहर्ट्झवर असतो. कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेषा तर फारच दूर. मिलिमीटर तरंगांची मोठी दुर्बीण आज देशात चालू नाही.

‘परदेशी नकाशे फुकट मिळतात, मग खर्च कशाला?’ असे म्हणणारे विसरतात की नकाशा काढणारा आपल्या प्रश्नासाठी काढतो. कोणता गाभा आधी पाहायचा, किती तास पाहायचा, हे तोच ठरवतो. हानलेची कोरडी हवा मिलिमीटर तरंगांनाही अनुकूल आहे. आणि ही विद्या देशाला परकी नाही: बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १०.४ मीटरची मिलिमीटर दुर्बीण १९८० च्या दशकातच कार्यरत होती.