निकाहाच्या कॅसेटी कुणाच्या हाती द्यायच्या?

परळीच्या घरी लोखंडी पेटीत, रजयांच्या खाली, अकरा व्हीएचएस कॅसेटी, सात व्हीसीडी आणि चार मिनी-डीव्ही टेप निघाल्या. सगळं संगणकावर घेतो म्हटल्यावर अम्मीचं पहिलं वाक्य होतं, "दुकान में नक्को दे रे बाबा."

मला तेव्हा हे जुनाट वाटलं होतं. आता वाटत नाही. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो न विचारता उचलून 'लिलावा'ला मांडले गेले. दोन्ही वेळा जागा होती गिटहब, म्हणजे आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज आपला कोड ठेवतो ती. ते फोटो निदान त्या स्त्रियांनी स्वतः समाजमाध्यमांवर टाकलेले होते. निकाहाच्या कॅसेटीत तर हळदीच्या रात्री दार लावून ढोलकी वाजवणाऱ्या फुफ्या आणि खाला असतात. त्यांनी होकार दिला होता तो घरातल्या टीव्हीपुरता. दुकानाच्या संगणकावर त्या रात्रीच्या किती प्रती राहतात, हे कोण सांगणार?

म्हणून कॅसेटी पेटीतच राहू द्याव्यात, असं मात्र माझं मत नाही. पेटीत त्या मरतात. पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते, आणि तशी कॅसेट चालवली तर व्हीसीआरचं हेडही खराब होतं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी, फुनाई, हिने 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आता जो मिळेल तो जुन्या बाजारातला. व्हीसीआरला पिवळी-पांढरी-लाल वायर, वायरीला यूएसबी कॅप्चर कार्ड, कार्डाला लॅपटॉप, एवढाच काय तो खटाटोप. मात्र तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. घाई चालत नाही.

मी केलेली चूक सांगतो. मिनी-डीव्ही टेप मूळ रूपात उतरवली की तासाला साधारण 13 जीबी होतात. जागा वाचवायला मी त्यांचं लहान एमपी४ केलं आणि मूळ फाइली पुसल्या. जुन्या व्हिडिओत सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात. ती नीट जोडली नाहीत तर हलत्या हातांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. तशाच उमटल्या. टेप अजून चालत होत्या म्हणून निभावलं, सगळं परत उतरवलं. तेव्हापासून मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवतो आणि बघायला हँडब्रेकमधून रेघा काढलेली दुसरी प्रत करतो. व्हीसीडीला तर काही करावंच लागत नाही. तिच्यातली डॅट फाइल व्हीएलसीमध्ये सरळ चालते, कॉपी करून ठेवली की झालं. चित्र मुळातच 352 बाय 288 चं, ते फोर-के करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. एका ॲपने 'सुधारलेला' दादीचा चेहरा मी पाहिला. सुरकुत्या गेल्या आणि दादीही गेली.

खरं काम त्यानंतरचं. फोटो लायब्ररीत टाकल्यावर सगळ्या फाइलींवर रूपांतर केलं त्या दिवसाची तारीख पडली, आणि अब्बांचा निकाह माझ्या मुलीच्या वाढदिवसाशेजारी जाऊन बसला. तारखा दुरुस्त करायला निकाहाच्या जुन्या पत्रिका कामी आल्या, त्यांवर हिजरी आणि इंग्रजी दोन्ही तारखा छापलेल्या असतात. जिथे पत्रिका नव्हती तिथे बायकांनी सांगितलं. "ह्यात धाकटीचा अकीका झालेला नाही", "इथे पुढची खोली पत्र्याची आहे, म्हणजे स्लॅबच्या आधीचं". असं वर्ष कुठलंही सॉफ्टवेअर काढून देत नाही. वरातीच्या गर्दीतल्या शेजारच्या काकूंचं नाव, कोण कुणाची सून, दादीच्या तोंडची दखनी, हे सारं सांगणाऱ्या आता तिघीच उरल्यात. घराच्या सातबाऱ्यावर, पावत्यांवर या बायकांची नावं नाहीत. त्यांचा आवाज असलाच तर या टेपांवर आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की हे काम मोहल्ल्यातच व्हावं, आणि मशीन मुलींच्या हाती असावं. आपण आधार आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शिबिरं घेतोच. एक व्हीसीआर, एक कार्ड आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली एवढ्यात हेही होईल. बायका शेजारी बसून नावं सांगतील, मुली लिहून घेतील. प्रती दोन हार्ड डिस्कवर, त्या दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या. आमची दुसरी लातूरला बहिणीकडे आहे. क्लाउडवर मी काही टाकलेलं नाही. प्रश्न फुकटच्या 15 जीबीचा नाही. चेहरे ओळखून गठ्ठे लावणाऱ्या यंत्रापुढे आपल्या फुफीला उभं करायचं की नाही, हे मी ठरवू शकत नाही, फुफीच ठरवेल.

एका खालाने ठरवलं. स्वतःच्या बहिणीच्या हळदीत ती नाचली होती, तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. पाहताना खूप हसली, दोनदा मागे घेऊन पाहिलं, आणि मग म्हणाली, "इतना निकाल दे." मी तेवढी चार मिनिटं दोन्ही डिस्कवरून काढली. नोंदी जपायला हव्यात म्हणणारा एक मित्र यावर चिडला, इतिहास कापलास म्हणाला. कापला असेल. मूळ कॅसेट मी खालाच्या हातात दिली, ती तिच्याकडे आहे.