न मिळालेल्या अनुदानाचा हिशेब



मंगरूळपीर तालुक्यात खेडा खरेदीवाल्याला हमीभावाखाली विकलेला तुमचा कापूस परदेशात ‘सरकारी अनुदान मिळालेला’ म्हणून मोजला गेला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेत कागद दाखल केला, की भारत कापसाला मर्यादेबाहेर आधार देतो. हिशेबाची रीत पाहा. त्या वर्षीचा हमीभाव घ्यायचा, त्यातून १९८६-८८ सालचा परदेशी संदर्भ भाव वजा करायचा आणि उरलेल्या फरकाला देशात पिकलेल्या सगळ्या कापसाने गुणायचे. सरकारने प्रत्यक्ष किती घेतला, हा प्रश्नच नाही. ज्या गाडीने खरेदी केंद्राचा काटा पाहिला नाही तिच्यावरही अनुदान चढले! १९८६-८८ नंतर डिझेल, खत, वेचणीची मजुरी कुठे गेली, तेही विचारायचे नाही. शेतकी कॉलेजात आम्ही असा हिशेब मांडला असता तर गुरुजींनी नापासच केले असते.

आता तक्रारदाराचे घर बघू. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये दावा लावला आणि २००५ मध्ये अपिलातही तो जिंकला. अमेरिकेने अनुदान पुरते बंद करण्याऐवजी ब्राझीललाच पैसे मोजले. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन भांडण मिटवले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या गरीब देशांनी २००३ मध्ये हेच गाऱ्हाणे मांडले होते. त्यांच्या पदरी आश्वासने पडली.

पण म्हणून दिल्लीला मोकळे सोडता येत नाही. जिनिव्हात गरीब शेतकऱ्याच्या नावाने भांडणारे सरकार घरी काय करते? भाव चढला तेव्हा, एप्रिल २०१० मध्ये आणि पुन्हा ५ मार्च २०१२ ला, निर्यातीला कुलूप. भाव पडलेला असताना, १९ ऑगस्ट २०२५ ला, ११ टक्के आयात शुल्क माफ; आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे सीतादहीपासून ते लहान शेतकऱ्याच्या घरातला कापूस निघून जाईपर्यंत. अमेरिकेच्या ५० टक्के कराचा फटका कापडवाल्यांना बसला, हे खरे. त्यांना मदत करायची तर तिजोरीतून करा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून का? सोयाबीनवाल्यांचीही गत तीच. ३० मे २०२५ ला, पेरणी तोंडावर असताना, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. कापूस आणि खाद्यतेलाच्या आयात-निर्यातीचे धोरण मृगाआधी जाहीर करा आणि हंगामाचा माल विकून होईपर्यंत त्याला हात लावू नका. पऱ्हाटी लावायची की सोयाबीन, एवढे तरी आम्हाला कळू द्या. आणि जिनिव्हात हिशेब द्याल तेव्हा सरकारने खरोखर घेतलेलाच माल धरा.

बैठकीला येताना गेल्या हंगामातल्या विक्रीच्या पट्ट्या बरोबर आणा. हमीभावाखाली गेलेला एकेक क्विंटल ठरावासोबत लिहून पाठवायचा आहे.